रोजची धार

शेजारच्या मामांचा जन्म म्हशी पाळण्यात गेला, त्यामुळं कुठलीही वस्तू ते म्हशीसारखीच पारखतात. प्रिंटर घ्यायला मी त्यांना सोबत नेलं, हीच माझी चूक. दुकानात त्यांनी प्रत्येक प्रिंटरभोवती फेरी मारली, झाकणं उघडून आत डोकावले आणि दुकानदाराला म्हणाले, "पावणं, शाई किती खातंय ह्ये?" शेवटी स्कॅन, झेरॉक्स सगळं करणारा एक टाकीवाला त्यांना पसंत पडला.

"रोज वापरा, न्हायतर शाई वाळती," दुकानदारानं बजावलं. ते मामांनी मनावर घेतलं. मी टाक्या भरून वाय-फाय जोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते चहाच्या वेळी हजर. "धार चुकवून चालत न्हाय," म्हणत आपल्या म्हशीचा फोटो छापायचे. म्हैस काळीभोर, शिवाय फोटो पानभर.

मे महिन्यात किल्ली त्यांच्याकडं देऊन आम्ही गावाला गेलो. परतलो तर कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत दारोदारी तीच म्हैस चिकटवलेली. टाकीत काळ्या शाईचा थेंब नव्हता.

"मामा, शाई संपली!"

"संपू दे की," ते शांतपणे म्हणाले. "वाळली तर न्हाय न्हवं?"