टेलरचाचांना पाठ असलेला तक्ता

आजारपणाचा खर्च कसा वाचवावा, हे आमच्या टेलरचाचांइतकं अख्ख्या जवळा बाजार गावात कुणालाच कळत नव्हतं. हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं, कारण माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मी दुकान टाकलं तेव्हा लोक म्हणाले, जागा मोक्याची आहे. मोक्याची कसली, डोंबलाची! चिठ्ठी घेऊन येणारं गिऱ्हाईक आधी चाचांच्या मशीनपाशी थांबायचं. चाचा चार इयत्ता शिकलेले, त्याही उर्दूत. तरी डॉक्टरची चिठ्ठी उलटसुलट करून बघायचे आणि गिऱ्हाइकाला घेऊन माझ्या काउंटरवर हजर. "भाऊ, हाच माल दुसऱ्या छापाचा दाखवा. कपडा तोच असतो, किनार महाग असती." मग मी पाकिटावरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायचं. आतलं औषध तेच निघालं की चाचा गिऱ्हाइकाला डॉक्टरकडं पिटाळायचे, "हे चालतं का, विचारून ये." आणि दर वेळी ते चालायचंच, काय करता!

स्वतःच्या दुकानात तर त्यांनी आजाराला बंदीच घातली होती. तीन मशिनी, दोन कारागीर आणि पाणी प्यायचं ते उकळलेलंच. ते पाणी चाचा चहाच्याच किटलीत उकळायचे, त्यामुळे त्याला चहाचा वास यायचा आणि चहाला पाण्याची चव. एका कारागिरानं कंबर धरली तर चाचा त्याला डॉक्टरकडं न नेता सुताराकडं घेऊन गेले आणि स्टुलाचे पाय वाढवून आणले. कंबर बरी झाली, माझा मलम फळीवर पडून राहिला. गावातल्या डॉक्टरांशी तर त्यांनी चक्क बलुतं ठरवलं होतं. डॉक्टरांच्या घरचे वर्षाचे कपडे चाचांनी शिवायचे आणि डॉक्टरांनी कारागिरांची घरं वर्षभर तपासायची. डॉक्टर एकदा मला म्हणाले, "अहो, कुणी येतच नाही तपासायला. फुकट शिवून घेतल्यासारखं वाटतं." मी ते चाचांना सांगितलं. चाचा म्हणाले, "मग बराबर चाललंय म्हणायचं."

पण त्यांचा खरा जीव होता डोळ्यांच्या मोफत शिबिरात. दर हिवाळ्यात औंढ्याला शिबिर भरायचं. चाचा आठवडी बाजारात फिरून मोतीबिंदूवाले हुडकायचे, समोरच्याच्या पापण्या वर करून बघायचे आणि जीप भरून म्हातारी माणसं घेऊन जायचे. तिथं भिंतीवर तीन काड्यांच्या खुणेचा तक्ता असतो. काड्या ज्या बाजूला, त्या बाजूला बोट दाखवायचं, म्हणजे अक्षरओळख लागत नाही. म्हातारी बावरली की चाचा शेजारी उभे राहून धीर द्यायचे. त्यांनी किती माणसांना नजर परत आणून दिली, देव जाणे.

आणि अशा माणसाचे स्वतःचे डोळे गेले. आधी सुईत दोरा ओवायला कारागीर लागू लागले, मग खडूची रेघ दिसेना. दुकानात कापड बेतणं चाचांशिवाय कुणालाच येत नव्हतं. त्यांचा हात थांबला तर तिन्ही मशिनी थांबणार, तीन घरच्या चुली थांबणार. मी म्हणालो, "चाचा, परभणीला जाऊ, खाजगीत करून टाकू." चाचा भडकले. "एवढ्या लोकांला फुकटात आणलं आणि मी पैसे भरू? लोक थुकतील की माझ्यावर!" पहिल्या वर्षी त्यांनी आपला नंबर हट्टा गावच्या एका म्हातारीला देऊन टाकला. दुसऱ्या वर्षी मी दम भरून पाठवलं, तर संध्याकाळी परत, डोळ्याला पट्टीच नाही.

तक्त्यापुढं उभं राहून चाचांनी वर, खाली, डावी, उजवी असं शेवटच्या बारीक ओळीपर्यंत बोट धडाधड दाखवलं होतं. सगळा तक्ता त्यांना पाठ होता. तपासणारा म्हणाला, "बाबा, तुमची नजर माझ्याहून चांगली आहे, जा घरी." मी डोक्याला हात लावला. "आदत हाय, भाऊ. बोट आपोआप गेलं," म्हणाले. मग मशीनवर हात फिरवत हळूच म्हणाले, "भ्या वाटलं. म्हाताऱ्यांचं ठीक हाय, त्यांला कुठं कापड कापायचं असतं? माझं बिघडलं तर ह्या दोघांनी कुठं जायचं?"

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्यांना स्वतः नेलं. तपासणाऱ्याला सांगितलं, "साहेब, यांना तक्ता पाठ आहे. तुमची बोटं दाखवा." त्यानं चार पावलांवरून दोन बोटं दाखवली. चाचा म्हणाले, "तिथं कोन उभं हाय?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चाचा पुन्हा दुकानात बसू लागले त्या दिवशी मी भेटायला गेलो, तर ते माझ्या तोंडाकडं बघेनात, गळ्याकडंच बघत राहिले.

"ह्यो शर्ट कुणी शिवला?"

मी कॉलरवर हात ठेवला.

"कॉलर एका अंगाला गेली की. खिसा बी तिरपा. काढा."

मी शर्ट काढून दिला. चाचा उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. बाजाराचा दिवस होता. समोरून सरपंच गेले, त्यांची एक बाही आखूड. डॉक्टर गेले, त्यांच्या पँटचा एक पाय घोट्याच्या वर. दोन वर्षं गाव चाचांनी वाकडं बेतलेलं घालून हिंडत होतं आणि एकानं तोंड उघडलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, मी एकटाच गप्प आहे.

"काहून न्हाई सांगितलं कुणी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कात्री खाली ठेवली असती, चाचा."

चाचा स्टुलावर बसून माझी कॉलर उसवू लागले. "मी सगळ्यांला सांगून राहिलो, फुकटात झालं म्हणून," ते म्हणाले. "कुठलं फुकटात? गावानं भरलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी नुसत्या बनियनवर तिथंच बसून राहिलो.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तयार शर्ट घालतो, कॉलरी अगदी सरळ असतात. चाचा असते तर मला वाकडीही चालली असती.