देणाऱ्यांची रांग

डिसेंबर लागला की माझे पाय दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतात वय, मी म्हणते सवय. तिशीच्या आतच लागलेली. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नाशिकमधल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवायचे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. वर्ग फुकट होता, कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला होता, आणि तो मी घ्यावा असं मी सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलं होतं.

नाताळ जवळ आला की त्यात आणखी भर. गायनाची तालीम, घरी करंज्या-चकल्या, नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीबाहेर नंबर लावणं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसे नेमके तेव्हाच पाळकसाहेब यायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचं अक्षर फार सुंदर आहे." म्हणजे काहीतरी लिहून हवं असायचं. त्या वर्षी त्यांना ब्लँकेटांची यादी हवी होती.

आमच्याकडे पद्धत अशी, की नाताळाच्या आधीच्या रविवारी उपासना संपल्यावर बाहेर अंगणात गरजूंना ब्लँकेटं वाटायची. पाळकसाहेब यादीतलं एकेक नाव वाचायचे, ते माणूस पुढे येऊन ब्लँकेट घ्यायचं, मंडळी टाळ्या वाजवायची. त्या वर्षी इंग्रजीच्या वर्गानं ठरवलं, की वाटप झाल्यावर आपणही द्यायचं. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची, देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं, नंबर आला की ती एखाद्या गरजूला द्यायची आणि देताना इंग्रजीत बोलायचं. कल्पना माझी नव्हती. माझ्यात तेवढी ताकदच उरली नव्हती. ती वर्गातल्या एका बाईंची होती.

त्या एकलहऱ्याच्या रस्त्यावरच्या एका वस्तीतून बसनं यायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, बौद्ध घरातल्या. नवरा तापानं गेलेला, पदरी दोन मुली, घरी ब्लाउज-परकर शिवायच्या. जानेवारीत एका दवाखान्यात आयाच्या जागेसाठी त्यांची मुलाखत होती. तिथली मेट्रन केरळची, मराठी न येणारी, म्हणून हा सगळा खटाटोप. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला बाई. वर्गात बहुतेक जण तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे आणि मी दर पाच मिनिटांनी "मोठ्यानं" म्हणून ओरडायचे. ताईंना कधी सांगावं लागलं नाही. त्या चुकायच्या तेसुद्धा खणखणीत.

महिनाभर त्यांनी शिवणातून उरलेल्या तुकड्यांची एक गोधडी शिवली आणि तेवढाच वेळ दोन वाक्यं घोटली. "आय हॅव मेड धिस. प्लीज टेक इट." बसथांब्यावर उभ्या असतानाही त्यांचे ओठ हलत असायचे.

"एवढं एकदा समद्यांपुढं बोलले ना बाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "की मग मेट्रनचं भ्या नाय वाटायचं."

यादी मी शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिली, तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, मागच्या वर्षीची नावं घ्या आणि तुमच्या वर्गातलं कोणी गरजू असेल तर घाला. मी वर्गाचं हजेरीपुस्तक उघडलं. नाव नोंदवताना प्रत्येकापुढे मी शेरा लिहून ठेवला होता. ताईंच्या नावापुढे होतं, 'विधवा, दोन मुली, शिवणकाम'. पेनानं ते नाव यादीत उतरवलं. पेनानं म्हणते आहे, जसं काही ते दुसऱ्या कोणाच्या हातात होतं. मी शेरा वाचला आणि त्यामागची बाई विसरले, एवढंच झालं. घंटा वाजली आणि मी वर्गावर गेले.

रविवारी अंगणात ऊन चांगलं पडलं होतं. मी पेटीवर बसले होते, कारण वाटप सुरू असताना गाणी म्हणायचा रिवाज होता. वर्गातली मंडळी एका बाजूला रांगेत उभी होती. ताई इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या, गोधडीची घडी छातीशी धरलेली. त्यांच्या दोन्ही मुली भिंतीशी उभ्या राहून आईकडे बघत होत्या. पाळकसाहेब नावं वाचू लागले. सातवं की आठवं नाव ताईंचं होतं.

त्या हलल्या नाहीत. पाळकसाहेबांनी पुन्हा वाचलं, या वेळी प्रेमानं, त्यांना वाटलं बाई लाजते आहे. कोणीतरी मागून त्यांना पुढे ढकललं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गोधडी बाकावर ठेवली, पुढे गेल्या, ब्लँकेट घेतलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "थँक यू, सर." दुसऱ्या धड्यातलं वाक्य. टाळ्या झाल्या. परत येऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत, मुलींना घेऊन फाटकातून निघून गेल्या.

मी उठून 'थांबा, चूक झाली' म्हणायला हवं होतं. मला वाटलं, आता बोललं तर त्यांची जास्तच शोभा होईल. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं आहे, की मी इतकी दमले होते की मला उठायचा कंटाळा आला. मला आजही त्याची लाज वाटते.

त्यानंतर ताई वर्गाला आल्या नाहीत. गोधडी बाकावरच राहिली होती, ती मी घरी आणून ठेवली. आज जाऊ, उद्या जाऊ करत नवं वर्ष उजाडलं. मुलाखत दोन दिवसांवर आली तेव्हा कुठे मी गोधडी पिशवीत घालून बसमध्ये बसले.

"या बाई," त्या म्हणाल्या. मशीन थांबवलं, चहा टाकला. ब्लँकेट घरात दिसलं नाही. ते शेजारच्या म्हातारीला देऊन टाकलं होतं.

"ताई, माझी चूक झाली," मी म्हणाले. "त्या दिवसांत मी फार दमले होते."

"दमल्या व्हत्या." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "मी बी दिसभर मशीन मारूनच येत व्हते."

मी कप उचलला.

"माझी आज्जी गावात दारोदार भाकर मागायची, बाई. गावकीचं काम करायचं आन् भाकर मागून आनायची. ती पदर पुढं धरायची, लोक वरून टाकायचे. आमच्या बापानं गाव सोडलं ते त्याच्यासाठीच, पोरींना पदर पसरायला लागू नये म्हनून. मी त्या दिशी पयल्यांदा द्यायच्या रांगेत व्हते. तुमी मला तिथून काढलं. माझ्या पोरींच्या देखत."

"मुलाखतीला जाल ना?" मी विचारलं.

"कशाला? तिथं बी कागद बघूनच नाव घेतील."

मी पिशवीतून गोधडी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी गोधडीकडे पाहिलं, मग माझ्या पुढे आलेल्या हातांकडे.

"आता ही बी मलाच देता?"

शहाणपण मला नेहमी उशिराच सुचतं. गोधडी मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "नाही ताई. ही द्यायची राहिली आहे. मला द्या."

बराच वेळ त्या गोधडीवरून हात फिरवत बसल्या. मग त्यांनी बाहेर खेळणाऱ्या मुलींना हाक मारून आत घेतलं, खाटेवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "मंग उभ्या ऱ्हावा."

मी उभी राहिले. त्याही उभ्या राहिल्या, पदर नीट केला, गोधडी दोन्ही हातांवर घेतली आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आय हॅव मेड धिस. प्लीज टेक इट."

मी दोन्ही हात पुढे केले. घेणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. वर्गात शिकवायचे ते दोन शब्द, 'थँक यू', मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"मोठ्यानं, बाई," ताई म्हणाल्या. "तिकडं मेट्रनला बी ऐकू गेलं पायजे."

दोन्ही मुली माझ्याकडे बघत होत्या. मी मोठ्यानं म्हणाले.