गरीब दिसण्याची तयारी

माझ्या मामाला अर्धंच वाक्य ऐकायची खोड आहे. आई म्हणते, "दादाला 'पाय पुसून आत ये' म्हटलं की तो आत येतो."

मामाचा कॅनव्हासच्या पिशव्यांचा कारखाना आहे. म्हणजे वर पत्रा असलेली एक लांब खोली. त्यात बायका शिवतात आणि मामा ओरडतो. पिशव्या परदेशी जातात. गरीब देशांतल्या मालाला तिकडे आयातकर माफ असतो, फक्त माल खरोखर त्या देशात बनलेला हवा. माफी आहे म्हणून गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाईक आहे म्हणून सगळ्यांचे पगार. माल इथेच बनतो का, याच्या तपासणीला बाई येणार असं कळलं आणि मामाने नियमातला पहिलाच शब्द घट्ट धरला. गरीब.

"आपण जरा खात्यापित्या घरचे दिसतो," तो सगळ्यांना गोळा करून म्हणाला. "उद्या तसं दिसायचं नाही."

मोटरवर चालणारी नवी मशिनं हातगाडीवरून आमच्या घरी आली. आईने चादर टाकून वर इस्त्रीचे कपडे रचले. कारखान्यात उरली ती पायाने चालवायची, कुरकुरणारी. पंखा उतरवला. सगळ्यांत जुन्या शिवणाऱ्या मावशींनी पगारातून नवे बूट घेतले होते.

"मावशी, बूट कपाटात."

"का हो, बुटांनी काय केलंय?"

"चकाकतात."

"मग तुमचं टक्कलही ठेवा आत." पण काढून दिले.

तपासणीच्या बाई एकेक शब्द तोलून बोलायच्या. आधी पिशव्यांचा ढीग बघितला, मग मशिनं.

"एवढ्या पिशव्या यांच्यावर शिवता?"

"हो ना. गरिबी फार आहे, बाई."

"मी गरिबी विचारली नाही. या मशिनांवर एवढा माल निघत नाही. बाहेरून तयार आणून इथला म्हणून पाठवत असाल, तर माफी बंद होईल."

कुरकुर थांबली. सगळ्या मामाकडे बघत होत्या. त्याचा त्या वेळचा आवाज मला हुबेहूब काढता येतो, पण आई काढू देत नाही.

"नवी मशिनं आहेत. बहिणीच्या घरी. कपड्यांखाली."

"का?"

"गरीब दिसावं म्हणून."

बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मावशींच्या पायांकडे बघितलं. "तुम्ही अनवाणी का?"

"मालकांनी काढायला लावले," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मला बूट परवडत नाहीत, असं दाखवायचं होतं."

मामाचे कान लाल झाले.

मग सगळी वरात आमच्या घरी. वाटेत खडी होती. मावशी तशाच चालत आल्या आणि मामाला ते घरात शिरल्यावर दिसलं. आईने कपडे उचलले, त्यात मामाचाच सदरा होता. मावशींनी आमच्या खाटेशेजारी बसून नव्या मशिनवर बघता बघता कापडाच्या तुकड्यांची अख्खी पिशवी शिवली. बाईंनी ती उलटी केली, शिवण ओढून बघितली.

"माल इथलाच आहे. माफी राहील."

चहा ठेवायला आई उठली, तोवर मामा गायब. आला तो धापा टाकत, हातात मावशींचे बूट. सदऱ्याने पुसले, खाली बसला आणि त्यांच्या पायांपाशी ठेवले. डावा उजवीकडे.

"मावशी, मी…"

"राहू द्या."

त्यांनी बूट सरळ केले, वाकून स्वतःच नाड्या बांधल्या.

"कारखान्यातला पंखा तेवढा परत लावून घ्या," त्या म्हणाल्या.

मामा खालीच बसून राहिला, फरशीकडे बघत.