मी सनच्या पिंडीवरचं कुंकू

कतारच्या दोहा शहरातल्या मराठी मंडळींत गिरीश खांबेट्यांना 'हेरिटेज खांबेटे' म्हणत. हे नाव कोणी पाडलं असं विचारलं की ते म्हणायचे, "लोकच म्हणायला लागले." त्यांच्या पत्नी मृणालिनीवहिनींचं म्हणणं वेगळं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचं नाव तसं त्यांनीच टाकलं होतं.

माणूस मूळचा नाशिकचा. एका गॅस कंपनीत सेफ्टी इंजिनिअर, राहायला अबू हमूरच्या एका कंपाउंडमध्ये. प्लांटवर त्यांचा दरारा होता. परमिट नसताना कोणी एखाद्या व्हॉल्व्हला हात लावला, तर खांबेटे त्याला सगळ्यांसमोर उभं करत आणि "तुला हात लावायला सांगितलं कोणी?" एवढंच हिंदीत विचारत. तो बिचारा फिटर खाली बघत उभा राही. उत्तर खांबेट्यांना नकोच असे.

सुट्टीत मात्र ते जागतिक वारसास्थळं 'करत'. बघत नसत, करत. "श्रीलंका केलं, कंबोडिया केलं, आता व्हिएतनाम करतोय," असं ते सांगत. खुद्द कतारमधलं जागतिक वारसास्थळ, झुबाराचा किल्ला आणि त्याच्या शेजारचं वाळूत गाडलेलं मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं गाव, घरापासून दीडेक तासावर. तिथे ते कधी गेले नव्हते. "ते काय, कधीही जाता येईल," हे त्यांचं उत्तर ठरलेलं असे. नाशिकच्या पांडवलेण्यांबद्दलही ते हेच म्हणत.

तर त्या वर्षी ईदच्या सुट्टीत खांबेटे, वहिनी आणि मुलगी चैत्राली असे तिघे व्हिएतनामला गेले. हनोईचा राजवाडा झाला. हा लाँग नावाच्या उपसागरात उभे असलेले चुनखडीचे डोंगर बोटीतून झाले. ह्वेच्या बादशहांच्या समाध्या भर उन्हात उरकल्या. होई आनला कंदिलांच्या गल्लीत वहिनी एका पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता इथे जरा बसू या. काहीही न करता."

"इथलं झालं आपलं," खांबेटे म्हणाले. "उद्या मी सन."

मी सन ही डोंगरांनी वेढलेली दरी आहे. हजारबाराशे वर्षांपूर्वी चाम राजांनी तिथे विटांची शिवमंदिरं बांधली. व्हिएतनामच्या युद्धात त्यातली कित्येक बॉम्बखाली गेली. उरलीत ती अर्धीमुर्धी, गवत उगवलेली, पण अजून उभी. नावातच 'मी' असल्यामुळे असेल, खांबेट्यांना ती जागा पाहण्याआधीच आपली वाटू लागली होती. हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावरून त्यांनी दूध, दही, मध आणि साखर उचलून पाण्याच्या बाटलीत कालवली. तूप नव्हतं, म्हणून बटरची एक वडी टाकली. कुंकवाची पुडी त्यांच्या दाढीच्या सामानात असेच.

"हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"शेकडो वर्षं पूजा नाही झाली त्या देवाची. आपण नाही तर कोण करणार?"

"बाबा, धिस इज अ बॅड आयडिया," चैत्राली म्हणाली. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. त्यामुळे तिचं म्हणणं घरात धरलं जात नसे.

मी सनला पोचल्यावर खांबेट्यांनी आधी बॉम्बने पडलेल्या खड्ड्यापाशी दोन बोटं वर करून फोटो काढून घेतला. मग एका पडक्या मंदिराशेजारी त्यांना पिंडी दिसली. भोवती दोरी होती आणि हात लावू नका असा फलक होता, इंग्रजीतही. खांबेट्यांनी बूट काढले, दोरी ओलांडली, 'नमः शिवाय' म्हणत बाटली पिंडीवर रिती केली आणि वर मूठभर कुंकू चेपून बसवलं.

शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला. त्याने आरडाओरड केली नाही. खांबेट्यांच्या दंडाला धरून त्यांना दोरीबाहेर आणलं आणि बुटांकडे बोट दाखवलं. पुढे ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवून ठेवलं. पासपोर्ट पाहिले. "आय अ‍ॅम हिंदू, माय गॉड," असं खांबेट्यांनी निरनिराळ्या आवाजांत सांगून पाहिलं. समोरचा माणूस दर वेळी नम्रपणे मान हलवी आणि पुन्हा खुर्चीच दाखवी.

शेवटी लान नावाची एक बाई आली. तिथल्या दगडांची देखभाल करणारी, चाळिशीची, गळ्याला रुमाल बांधलेली. तिने सगळ्यांना परत पिंडीपाशी नेलं. तोवर मुंग्यांची रांग लागली होती. लान गुडघ्यांवर बसली आणि कापसाचे बोळे पाण्यात भिजवून, दगड न घासता, एकेक टिपत राहिली. बोळा लाल होई, ती दुसरा घेई. ऊन चढलं तेव्हा तिने आपली छत्री उघडली आणि खांबेट्यांच्या हातात दिली. ते तिच्यावर छत्री धरून उभे राहिले.

"मी पुसू का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नको," लान म्हणाली. "हा दगड पाणी पितो. रंगही पितो. तुम्ही घासाल." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमच्या घरी देवाला असंच करता?"

"हो. रोज."

"मग तो देव घरीच ठेवा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि खांबेट्यांना तेच जास्त लागलं. काम संपलं तेव्हाही एका कडेला फिकट गुलाबी डाग राहिलाच. लान त्याच्याकडे बघत उभी होती. खांबेट्यांना प्लांटवरचे फिटर आठवले की नाही, ते कोणाला माहीत नाही. गाडीत मात्र ते होई आनपर्यंत गप्प होते, आणि वहिनींच्या मते लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडलं.

त्या छत्रीचा फोटो चैत्रालीने काढला होता. तिने तो मावशीला पाठवला, मावशीने पुढे ढकलला आणि विमान दोह्यात उतरण्याआधीच तो मराठी मंडळाच्या ग्रुपवर होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'व्हिएतनाममध्ये प्राचीन शिवलिंगाच्या संवर्धनात आपल्या हेरिटेज खांबेट्यांचा सहभाग.' हात जोडलेली चित्रं पडत होती. खांबेट्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि लिहिलं, 'सगळी त्याची कृपा.'

"अहो, खरं काय ते सांगा," वहिनी म्हणाल्या.

"मी खोटं कुठे लिहिलंय?"

मंडळाचे अध्यक्ष बाजीराव घोरपडे. यांचा परांचीचा म्हणजे स्कॅफोल्डिंगचा धंदा, आणि भाषणाचा नाद. त्यांनी लगेच अल रय्यानमधला एक हॉल घेतला आणि खांबेट्यांचं व्याख्यान ठेवलं. शुक्रवारी हॉल भरला. उम्म सलाल मोहम्मदहून एसी दुरुस्त करणारी आपली माणसंही गाडी करून आली होती. व्याख्यानानंतर मिसळ आहे, असं त्यांना कळलं होतं.

खांबेटे छान बोलले. चाम राजे, भारताची सांस्कृतिक झेप, दगडाचा ओलावा. "हा दगड पाणी पितो," हे वाक्य त्यांनी डोळे मिटून, स्वतःचं असल्यासारखं म्हटलं. मग पडद्यावर छत्रीचा फोटो आला आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून संगमनेरचे पोपटराव उठले. त्यांच्या मनात काही नव्हतं. दिसलं ते विचारलं. "सायेब, ती बाई काय पुसतीय?"

खांबेटे पाणी प्यायले. "ते... म्हणजे कालौघात साचलेलं..."

"कुंकू," पहिल्या रांगेतून मृणालिनीवहिनी म्हणाल्या.

"कुंकू? तिकडं कुनी लावलं?"

"यांनी."

वहिनींनी बसूनच सगळं सांगितलं. दोरी, शिट्टी, प्लास्टिकची खुर्ची, बटर, मुंग्या. काही वगळलं नाही, काही वाढवलंही नाही. खांबेटे मान खाली घालून ऐकत होते. आता हसतील, असं त्यांना वाटत होतं.

कोणी हसलं नाही. बाजीरावांच्या आई फुलाबाई तेव्हा मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्या एकट्याच नापसंतीने म्हणाल्या, "पर शंकराला कुंकू न्हाई वाहत. भस्म लावत्यात." त्यावर दोन्ही बाजूंनी चर्चा सुरू झाली. मग बाजीराव उभे राहिले, खांबेट्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाले, "परमुलखात जाऊन, पहारा मोडून ज्याने महादेवाला न्हाऊ घातलं, तो हा माणूस." मघापेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. मिसळ वाढायच्या आतच पुढच्या ईदची सहल ठरली होती. सगळ्यांनी मी सनला जायचं, सोबत गुरुजी न्यायचे आणि लघुरुद्र करायचा. म्होरके खांबेटे.

आधी खांबेट्यांना हायसं वाटलं. दोन दिवस ते शाल खुर्चीवर टाकून तिच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजीरावांना फोन केला.

"बाजीराव, तिथे पाणीसुद्धा घालता येणार नाही. डाग जात नाही. मी पाहिलंय."

"खांबेटे, तुम्ही घाबरलात."

"घाबरलो नाही. माझ्या हातात छत्री होती. मी तिथे उभा होतो, ती बाई पुसत होती..." पुढचं त्यांना नीट सांगता येईना. आयुष्यभर वारशाबद्दल घडाघडा बोललेला माणूस या एका जागी अडखळला.

"ठीक आहे," बाजीराव म्हणाले. "खलास. आम्ही दुसरं कोणी बघतो. इन्शाल्ला लघुरुद्र होणारच."

खांबेट्यांना ग्रुपवरून कोणी काढलं नाही, पण त्यांनी काही लिहिलं की त्याखाली शांतता पसरू लागली. ईदला सहल निघाली. दा नांगला उतरल्यावर ऊन फार होतं, गुरुजींचं पोट बिघडलं आणि भारतीय हॉटेलात पनीर यायला उशीर झाला. कोणीतरी म्हणालं, मी सन लांब आहे, त्यापेक्षा तो प्रचंड हातांवर तोललेला सोनेरी पूल बघू. सगळे तिकडे गेले. रोपवेत बसून वर गेले, पुलावर फोटो काढले, मेणाचे पुतळे बघितले. लघुरुद्राचं साहित्य हॉटेलच्या खोलीत सुतळी न सोडता पडून राहिलं. महादेव बचावला. ग्रुपवर मजकूर आला, 'प्राचीन हिंदू वारशाच्या भूमीत एक अविस्मरणीय अनुभव.' बाजीरावांना पुढे त्यावर व्याख्यानही द्यावं लागलं.

खांबेटे अजून त्याच कंपनीत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आता नुसतं 'गिरीश' आहे. परवा ऑफिसातल्या नव्या मुलीने, रिफतने, विचारलं, "सर, मी व्हिएतनामला चाललेय. तिथे बघण्यासारखं काय आहे?"

खांबेट्यांनी चष्मा काढून पुसला.

"सूप चांगलं मिळतं," ते म्हणाले.