कोरड्यास

"लई? आधी मराठी शिका, मग आहारशास्त्र."

मॅडम भर वर्गात म्हणाल्या. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा पहिलाच रविवार. मी फळ्यापाशी उभी. पेशंट लई पाणी पितो, एवढंच बोलले होते. वर्ग हसला. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची लाज अजून जात नाही.

आठ वर्षं मी शहरातल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ. ही पदवी घेतली तरच बढती, म्हणून नोकरी सांभाळून दर रविवारी शिकायला जायचे. त्या दिवसापासून मी जिभेला कुलूप घातलं. बोललेच तर पुस्तकातलं.

ते दुष्काळाचं वर्ष. गावाकडं टँकर, आणि इकडं शहरात पुंडलिकनगरच्या पुढं रोज नवा स्लॅब. तिथं बांधकामावर आलेली एक मावशी माझ्याच वॉर्डात भरती झाली. मूत्रपिंडाचा आजार. पाणी मोजूनच द्यायचं. जेवण घरून यायचं. मॅडम आमच्या दवाखान्याच्या सल्लागारही होत्या. रविवारी त्या वर्गाला घेऊन तिच्याच खाटेपाशी आल्या.

वर्गातल्या एकीनं मावशीला विचारलं, "काल काय जेवलात?"

"भाकर अन् कोरड्यास. दोन्ही टायमाला."

तिनं लिहून घेतलं, कोरडा आहार. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे जेवणातून पाणी जात नाही. वरचं पाणी वाढवा."

आमच्याकडं कोरड्यास म्हणजे भाकरी कुस्करून खायचं पातळ कालवण. नाव कोरडं, वस्तू ओली. त्या वर्षी भाजीला माळवं नव्हतं, डाळ परवडत नव्हती. कोरड्यास म्हणजे नुसतं तिखट पाणी. माझी आई रोज हाच शब्द बोलते.

मावशी माझ्याकडं वळली. "ताई, तुमी तर आमच्याकडच्याच वाटता. सांगा की ह्यांना."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कळतं का तुम्हाला हे?"

"नाही, मॅडम."

मावशीचा डबा तिच्या उशाशीच होता. झाकण काढलं असतं तरी पुरे होतं. सगळे गेल्यावर चार्ट दुरुस्त करता आला असता. तेही केलं नाही. त्यावर मॅडमची सही होती, आणि मला पास व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मावशीचे पाय सुजले. धाप लागली. तातडीनं डायलिसिस करावं लागलं. वाचली. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "तुमाला खरंच कळलं नव्हतं व्हय?"

"कळलं होतं."

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

पुढच्या रविवारी मी न विचारता उठले. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कोरड्यास. खाली लिहिलं, पातळ कालवण. मग म्हणाले, "मला माहीत होतं. मी गप्प बसले."

मॅडम म्हणाल्या, "खाली बसा. तुमचे गुण माझ्या हातात आहेत."

मी बसले नाही. "मावशी लई सुजली, मॅडम. लई."

या वेळी कुणी हसलं नाही.

सोमवारी मावशीच्या चार्टवर माझी चूक माझ्या अक्षरात लिहिली आणि सही केली. आता पेशंट बोलेल तोच शब्द मी लिहिते, आणि आधी डबा उघडते.

मावशीनं मला माफ केलं नाही. करूही नये. पण कळतं का, असं मला पुन्हा कुणीही विचारावं. माझ्या तोंडून 'नाही' निघणार नाही.