टॅपेट कव्हरचा पापुद्रा

माझ्या मटेरियल सायन्सच्या वहीत रंगाचा एक पापुद्रा ठेवलेला आहे. वरून गडद हिरवा, उलटा केला तर विटकरी, आकार साधारण वाकवलेल्या बोटाएवढा. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येणार नाही हे मला माहीत आहे. तरी तो पडू नये म्हणून त्या पानाला मी पिन लावली आहे.

माझे वडील, आमचे आबा, पारोळ्याजवळ धुळे रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रं रंगवतात. विहिरीवरची ऑइल इंजिनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, डाळ मिलमधल्या चाळण्या. कितीतरी वर्षांची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी यंत्र रॉकेलनं धुवायचं, पॉलिश पेपरनं घासायचं. मग तेलात कालवलेल्या कुंकवानं त्याच्यावर बोटानं स्वस्तिक काढायचं आणि हात जोडायचे. त्यानंतर ते फडक्यानं पुसायचं, पण पार पुसायचं नाही. रंगाखाली थोडं राहू द्यायचं, म्हणजे यंत्र मालकाला दगा देत नाही. हे त्यांना काम शिकवणाऱ्या रंगाऱ्यानं सांगितलं होतं. मग रेड ऑक्साईडचं अस्तर आणि वरून रंगाचे दोन हात. आमच्या भागात आबांनी रंगवलेली इंजिनं लांबूनही ओळखू येतात असं लोक म्हणतात. त्यांची मुलगी म्हणून मला ते खरंच वाटतं.

मी जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढे जे झालं त्याचा याच्याशी संबंध आहे.

जळगावला एका शेठची डाळ मिल आहे. मिल बंद असते त्या पंधरवड्यात आबा दर वर्षी तिथली मशिनं रंगवायला येतात. गेल्या उन्हाळ्यात शेठनी त्यांना मिलच्या मागच्या गोडाऊनमध्ये नेलं. तिथे ताडपत्रीखाली त्यांच्या वडिलांची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार होती. दोनच माणसं बसतील अशी, आणि इतकी बुटकी की तिच्याशी बोलायचं तर उकिडवं बसावं लागेल. शेठनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावरचं लांबट झाकण, ज्याला मिस्त्री लोक टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्यावरचा जुना रंग फुगून जागोजागी निघाला होता. दसऱ्याला गाडी बाहेर काढतात, पाहुणे बॉनेट उघडून बघतात, तेव्हा तेवढं झाकण रंगवून द्या, असं शेठ म्हणाले.

तो रविवार होता. आबांनी माझ्यासाठी घरून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी आणल्या होत्या, त्या घ्यायला मी होस्टेलवरून मिलवर गेले होते. आबांनी झाकण खोलून घेतलं, जुना रंग खरवडला आणि ते हातावर तोललं. खालून पांढरट धातू दिसत होता.

"हाई अल्मिनियम शे," ते म्हणाले. "यानावर रेड ऑक्साईड धरी का? तू शिकेल शे, सांग."

शेठ शेजारीच उभे होते. पाचच मिनिटांपूर्वी आबांनी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं, मुलगी इंजिनीअर होणार म्हणून. ॲल्युमिनियम आम्हाला शिकवलं होतं, पण ते कशाच्या किती पट हलकं आणि किती अंशाला वितळतं एवढंच. त्याच्यावर रंग धरतो का, हे मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला दोन शब्द पुरले असते.

"धरेल की, आबा. धातू तो धातूच," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. रॉकेलनं धुतलं, घासलं, स्वस्तिक काढलं, पुसलं आणि रंगवलं. झाकण आरशासारखं झालं. शेठनी फोनवर त्याचे फोटो काढले.

दोन-अडीच महिन्यांनी, गाडी एकदा चालवून बघितल्यावर, शेठचा आबांना फोन आला. आबा एसटीनं जळगावला आले आणि मला स्टँडवर बोलावून घेतलं. आम्ही दोघं गोडाऊनमध्ये गेलो. झाकणाच्या मधोमध रंग उचलला गेला होता, आणि बोल्टांच्या कडेनं पांढरी भुकटी फुटली होती. शेठ रागावले नाहीत. मिलच्या मशिनांवरचा तुमचा रंग इतकी वर्षं तसाच आहे, ही गाडीच लाडावलेली आहे, असं काहीतरी म्हणाले. पण मिलचा मिस्त्री हसत म्हणाला, "काय भाऊ, गाडीनं कात टाकली वाटतं."

आबाही थोडं हसले. त्यांनी नखानं एक पापुद्रा काढला, हाताच्या तळव्यावर ठेवून बराच वेळ बघितला आणि माझ्याकडे दिला. मी तो रुमालात गुंडाळला. परत जाताना मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. एसटीत चढताना म्हणाले, "मना हात गया आते." रंगाऱ्याचा हात गेला म्हणजे कसबच गेलं.

त्यानंतर आईचा फोन आला की त्यांनी रंग फवारायची गन धुऊन खुंटीला लावली आहे. एक ट्रॉली आली होती, ती दुसऱ्या रंगाऱ्याकडे पाठवून दिली. उजवा हात पुढे धरून बघत बसतात, कापतो का म्हणून. आबांचा हात कापत नाही. मी लहानपणापासून बघते आहे, त्यांची पट्टी कधी वाकडी गेलेली नाही.

मी तो पापुद्रा घेऊन आमच्या लॅबमधल्या असिस्टंट सरांकडे गेले. माझ्या मित्राच्या वडिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या टॅपेट कव्हरचा आहे असं सांगितलं. हे दुसरं खोटं. सरांनी पापुद्रा भिंगाखाली धरला. ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच एक पातळ कातडी येते, त्या गुळगुळीत कातडीवर लोखंडासाठीचं अस्तर पकड घेत नाही, असं ते म्हणाले. शिवाय ते तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं, रंग तेवढा फुगत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन बॉनेटखाली दाटीवाटीनं बसवलेलं असतं, तिथे उष्णता कोंडते. गाडी महिनोन्महिने उभी राहते, मग एकदम तापते. बोल्ट लोखंडाचे, झाकण ॲल्युमिनियमचं, त्यांच्यामध्ये ओल शिरली की पांढरी भुकटी होते आणि ती रंगाला खालून उचलते. आणि वाळूच्या साच्यात ओतलेल्या धातूला बारीक छिद्रं असतात. तेल त्यात जाऊन बसतं, रॉकेलनं निघत नाही, उलट रॉकेलचाच ओशटपणा मागे राहतो. मग इंजिन तापलं की ते तेल वर येतं.

"याच्या खाली तर चांगलंच तेल होतं," सर पापुद्रा उलटा करून म्हणाले. "हे लाल कशाचं? अस्तरापेक्षा वेगळं आहे."

त्या दिवशी गोडाऊनमध्ये घेतलेला झाकणाचा फोटो मी फोनवर उघडून बघितला. रंग मधोमध उचललेला, तिथून दोन फांद्या काटकोनात वळलेल्या. अख्खं स्वस्तिक नव्हतं, पण जे होतं ते आबांच्या बोटाच्या रुंदीचं होतं.

म्हणजे हात गेला नव्हता. ही चांगली बातमी होती, आणि ती मी तीन आठवडे सांगितली नाही. सांगायची तर कुंकवाचं सांगावं लागणार होतं. त्याहून जास्त म्हणजे त्या रविवारचं माझं उत्तर सांगावं लागणार होतं. आबा माझ्या शिक्षणाकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर बदलेल, याची मला भीती होती. फोनवर ते माझ्या जेवणाची चौकशी करायचे आणि मी त्यांच्या कामाची करायचे नाही.

शेवटी एका शनिवारी घरी गेले. दुपारी आबा ओट्यावर बसले होते, काम नसलेल्या माणसासारखे. मी आधी कुंकवाचं सांगितलं, मग अस्तराचं, आणि सगळ्यात शेवटी म्हणाले, "आबा, तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं. शेठ उभे होते म्हणून मी बोलून गेले."

आबांनी रस्त्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "माले माहीत नही, इतलंच सांगनं व्हतं."

मी हो म्हणाले. ते रागावून बोलले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

कुंकवाचं मात्र त्यांना पटलं नाही. म्हणून मी आईकडून पातेल्यांची दोन जुनी ॲल्युमिनियमची झाकणं मागून घेतली. आई म्हणाली, आज झाकणं रंगवताय, उद्या तवा रंगवाल. धुळ्याच्या दुकानातून आबांनीच ॲल्युमिनियमचं वेगळं अस्तर आणलं. दोन डब्यांतलं एकत्र करून मारायचं असतं ते. एक झाकण त्यांच्या पद्धतीनं केलं, स्वस्तिकासकट. दुसरं थिनरनं तीनदा पुसून, घासून, नव्या अस्तरावर. आबांनी खुंटीवरची गन काढली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

रंग पक्का वाळल्यावर, पुढच्या रविवारी, आम्ही दोन्ही झाकणं गॅसवर हळूहळू तापवली, थंड केली, पुन्हा तापवली, असं बऱ्याचदा केलं. संध्याकाळी मी दोन्हींवर चिकटपट्टी दाबली आणि ओढली. पहिल्या झाकणावरून स्वस्तिकाची एक फांदी पट्टीला चिकटून आली. दुसऱ्यावरून काही आलं नाही.

आबांनी दुसऱ्या झाकणावरून अंगठा फिरवला, मग उजेडात तिरपं धरलं. रंग सगळीकडे सारखा बसला होता, ओघळ कुठे नव्हता. ते त्यांच्या हाताचं काम होतं आणि ते त्यांना दिसलं. मग म्हणाले, "मंग कुंकू कोठे लावू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि या वेळी मी ते बनवलं नाही. माहीत नाही म्हणाले. आबांनी स्वतःच विचार केला, आणि गनच्या मुठीला, रंग जिथे पोचत नाही तिथे, कुंकवाचं एक बोट लावलं.

दसऱ्याच्या आधी आम्ही पुन्हा मिलवर गेलो. आबांनी झाकण सोलून अगदी पांढरं केलं. मिस्त्री जवळ येऊन उभा राहिला, आबांनी त्याला थिनरचं फडकं धरायला दिलं. अस्तर झालं, रंग झाला. मग आबांनी शेठच्या देखत मला विचारलं की हे भट्टीत तापवून पक्कं करायचं का, आणि किती वेळ.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "सरांना फोन करून विचारते."

आबा शेठकडे वळून म्हणाले, "थांबा शेठ, ती विचारीसन सांगी." आणि माझा फोन होईपर्यंत गन हातात धरून थांबून राहिले.