हेन्रिकचा शुगर-फ्री लिंबूसोडा

"सोळा पॉइंट आठ. म्हणजे कमीच आहे ना?" देवळे साहेब म्हणाले.

हेन्रिक फर्स्ट-एड रूममधल्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता. त्याच्या दंडावर चिकटवलेला सेन्सर मोबाइलवर शुगरचा आकडा दाखवत होता. साहेब आमचे प्लांट हेड. परदेशातून मॅनेजमेंट शिकून आलेले. त्या पदवीचा फ्रेम केलेला कागद त्यांच्या केबिनमध्ये एसीच्या खालीच लावलेला आहे.

"सर, त्याच्या देशात शुगर वेगळ्या युनिटमध्ये मोजतात," मी म्हणाले. "आपला आकडा पाहिजे तर अठराने गुणा. तीनशेच्या वर आहे."

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि गुणाकार करून पाहिला. माझ्यावर विश्वास नव्हता, असं मी म्हणणार नाही. अठरावर नसेल.

हिंगण्याला आमची सरबतांची आणि ज्यूसची फॅक्टरी आहे. मी तिथे क्यूसी केमिस्ट, म्हणजे बाटलीत जे जातं ते लेबलवर लिहिल्याप्रमाणेच आहे की नाही हे तपासणारी बाई. रामटेककडची. आईबाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबले आणि मला बी.एस्सी. केलं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. म्हणून सही करताना मी दोनदा पाहते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या सह्या करताहेत, ते न पाहता करतात.

हेन्रिक डेन्मार्कचा. बाटल्या भरायची नवी लाइन लावायला तीन महिन्यांसाठी आला होता. लहानपणापासून डायबेटिस, इन्सुलिनवर. त्यात कॅफीन घेतलं की छाती धडधडते, म्हणून तेही बंद. त्याच्या गावात असं साखरही नसलेलं आणि कॅफीनही नसलेलं सॉफ्ट ड्रिंक कोणत्याही दुकानात मिळतं म्हणे. इथे मे महिना. माणूस दिवसभर पाणी प्यायचा, पण तीन वाजले की त्याला काहीतरी गार, फसफसणारं हवं असायचं. फार मोठं मागणं नव्हतं.

ते साहेबांनी पर्चेसकडे सोपवलं. पर्चेसने पहिल्या दिवशी डाएट कोला आणला. साखर नाही, कॅफीन आहे. दुसऱ्या दिवशी शुगर-फ्री एनर्जी ड्रिंक आणलं. त्यात तर कॅफीन कोल्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी "नो ॲडेड शुगर" लिहिलेला संत्र्याचा ज्यूस. वरून साखर घातली नाही एवढाच त्याचा अर्थ. संत्र्याची स्वतःची साखर कुठे जाते? हे ज्यूसच्या फॅक्टरीतल्या माणसांना सांगावं लागतं!

शेवटी मीच सीताबर्डीपासून वर्धा रोडच्या मॉलपर्यंत फिरले. बाटल्या उलट्या करून बारीक अक्षरं वाचत होते. धरमपेठेतला दुकानदार कंटाळला.

"मॅडम, शक्कर नको, कॅफीन नको, मंग बाटलीत राहिलं काय? पानीच घ्या ना!"

त्या आठवड्यात मला भेटलेल्या लोकांत तोच खरं बोलला.

मग मी लॅबमध्ये बसून लिंबूसोडा तयार केला. लिंबू, सैंधव, भाजलेलं जिरं, साधा सोडा आणि गोडीसाठी डायबेटिसवाले वापरतात त्या गोळ्या. रोज सकाळी मी जग भरायची, तपासायची आणि वर स्टिकर लावायची : शुगर-फ्री, कॅफीन-फ्री, क्यूसी मंजूर. खाली माझी सही. जग कँटीनच्या फ्रिजमध्ये राहायचा. हेन्रिकने पहिला घोट घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, "रेसिपी द्या, घरी नेतो." रोजचे चार ग्लास ठरले.

पंधरा दिवस सगळं ठीक. मग त्याची शुगर चढायला लागली.

"नागपूरचं ऊन आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "इन्सुलिन खराब झालं असेल."

असं होऊ शकतं. म्हणून नवीन इन्सुलिन आणलं. शुगर तरीही चढीच. आज तर तो लाइनवर चक्कर येऊन खाली बसला. आता डॉक्टर फोनवर होते. ते म्हणाले, जेवण तेच, औषध तेच, पेयात साखर नाही, मग आजपासून इन्सुलिनचा डोस वाढवू.

"पेयात साखर नाही हे नक्की ना?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांची सही आहे."

 त्या सहीवर डोस वाढणार होता. आणि सही खोटी निघाली तर? वाढवलेला डोस घेऊन हा माणूस रविवारी हॉटेलवर नुसतं पाणी पीत बसला, तर शुगर इतकी खाली येईल की खोलीतच बेशुद्ध पडेल. दार उघडायलाही कोणी नाही.

"डॉक्टर, दहा मिनिटं थांबा," मी म्हणाले. "मी परत तपासते."

"काय तपासता? रोज तर तपासता," साहेब म्हणाले.

रोज तपासत होते, ते लॅबमध्ये, जग भरल्यावर. हेन्रिकच्या टेबलावर तीनचा ग्लास अर्धा शिल्लक होता. तो उचलला, चमच्याने ढवळून गॅस उडवला आणि एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला. हे हातात मावणारं दुर्बिणीसारखं यंत्र. थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, आत आकडा दिसतो. त्याला ब्रिक्स म्हणतात. शंभर ग्रॅममध्ये साधारण किती ग्रॅम साखर विरघळली आहे, ते कळतं. माझ्या सोड्याचा ब्रिक्स सकाळी एक होता, तोही लिंबू-मिठाचा.

ग्लासाचा नऊ आला.

काच पुसून परत पाहिलं. नऊ. म्हणजे एका ग्लासात पाच चमचे साखर. असे चार ग्लास.

कँटीनमध्ये गेले. सुमनबाई भांडी घासत होत्या.

"मावशी, हेन्रिक साहेबाच्या जगात काही टाकता का वं?"

"साखर नाही टाकत मी. तुमची शप्पथ."

"मग?"

"खडीसाखर टाकतो ना. देवळे साहेबानं पुडी आणून देल्ली. म्हणे बारीक वाटून टाकत जा, पाहुण्याले उष्णता झाली. काहून, कमी पडून राहिली का?"

फळीवर पितळी डब्यात ती ठेवलेली होती, शुभ्र, छान वाटलेली. मी डबा उचलून फर्स्ट-एड रूममध्ये नेला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"हे तुम्ही दिलं?"

"हो. त्याचे डोळे लाल दिसत होते. खडीसाखर थंड असते."

"साखर आहे ती, सर."

"साखर वेगळी, खडीसाखर वेगळी. नॅचरल आहे. आमच्या वडिलांनाही डायबेटिस होता, रोज चघळायचे. आणि पाहुण्याला त्या केमिकलच्या गोळ्या पाजायच्या, हे बरं दिसतं का?"

मी फोनवर डॉक्टरांना ब्रिक्स सांगितला, ग्लास किती ते सांगितलं, सुरू कधी झालं ते सांगितलं.  मग ते म्हणाले, "डोस वाढवू नका. ते आधी बंद करा." आताची शुगर कशी उतरवायची ते त्यांनी हेन्रिकला इंग्रजीत समजावलं.

फोन ठेवल्यावर हेन्रिकने विचारलं, "पण का?" मी भाषांतर करून सांगितलं की तुम्हाला गरमी होऊ नये म्हणून. तो साहेबांकडे बराच वेळ पाहत राहिला. साहेब हसले. त्यांना वाटलं, आभार मानतो आहे.

संध्याकाळी मी रिपोर्ट लिहीत होते. साहेब स्वतः लॅबमध्ये आले आणि लिहिलेलं वाचलं.

"'प्लांट हेडच्या सूचनेवरून' हे काढा. 'कँटीनकडून अनवधानाने' असं करा. सुमनबाईंना काढू, दुसरी बाई ठेवू. विषय संपला."

"सर, तिने अनवधानाने नाही टाकलं. वाटून, मोजून टाकलं. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"मॅडम, इतकं ताणू नका. तुमचीही सही होती."

"म्हणूनच जसं झालं तसंच लिहिते."

लिहिलं. सकाळी लॅबमध्ये एक, दुपारी ग्लासात नऊ, मधल्या वेळात कोणाच्या सांगण्यावरून काय झालं, सगळं. माझीही चूक लिहिली की फ्रिजला कुलूप नव्हतं. रिपोर्ट हेड ऑफिसला पाठवला आणि प्रत हेन्रिकला दिली.

तिसऱ्या दिवशी त्याचा आकडा सातवर आला. लाइन वेळेत सुरू झाली. उद्घाटनाला साहेबांच्या गळ्यात हार पडला आणि ते विदर्भाच्या पाहुणचारावर वीस मिनिटं बोलले. रिपोर्टवर हेड ऑफिसचं एका ओळीचं उत्तर आलं : नोंद घेतली. सुमनबाई कामावर राहिल्या. त्या रिपोर्टने झालं ते एवढंच, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

तेव्हापासून माझ्याकडे नवीन मुलं शिकायला आली की पहिल्याच दिवशी सांगते, नमुना टाकीतून घेऊ नका, माणूस पितो त्या ग्लासातून घ्या. मधल्या रस्त्यात कोण शिकलेला माणूस उभा असेल, सांगता येत नाही.